तेवढा फोर्स लागला नाही, सर

अपघातात एअरबॅग उघडली नाही, तर सर्व्हिस सेंटरमधून काय उत्तर येतं ते आत्ताच पाठ करून ठेवा. "सर, सेन्सरला पाहिजे तेवढा फोर्स लागला नाही." बॉनेट दुमडून काचेला टेकलेलं असो, इंजिन मागे सरकलेलं असो, चालवणाऱ्याचा जबडा स्टीअरिंगवर फुटलेला असो, वाक्य बदलत नाही. खांबाला धडकला असाल तर "अँगल बरोबर नव्हता". ट्रकच्या मागून खाली घुसला असाल तर "बंपरला लागलंच नाही". कठड्याला घासून मग आदळला असाल तर "दोन टप्प्यांत बसलं ना, सर". थोडक्यात काय, गाडीत दोष नाही. तुम्हाला नीट धडकता आलं नाही.

गाडी विकताना अँगलचा विषय कुणी काढत नाही. तेव्हा ब्रोशरवर 'सहा एअरबॅग्ज' असतं, जाहिरातीत हसरं कुटुंब असतं, आणि वरच्या व्हेरिएंटचे पन्नास-साठ हजार जास्त घेताना सेल्समन छातीवर हात ठेवून म्हणतो, "फॅमिली आहे ना सर, सेफ्टीत काटकसर नको."

मी ग्राहक आयोगात वकिली करते. तिथे कंपनीच्या उत्तरात हे फोर्सचं वाक्य इंग्रजीत, चांगल्या कागदावर येतं, एवढाच काय तो फरक. या वाक्याबद्दल माझं म्हणणं असं. ते कधीकधी खरंही असतं. पण ते खरं आहे की नाही, हे तपासायची सोय फक्त कंपनीकडे असते, आणि सिद्ध करायला मात्र तुम्हाला सांगितलं जातं. हा उलटा न्याय आहे, आणि तो आपण मुकाट्याने चालवून घेतो.

आधी यंत्र समजून घेऊ. गाडी एकदम थांबली की सेन्सर तो वेग किती झपाट्याने उतरला ते मोजतात आणि गाडीतल्या एका छोट्या संगणकाला कळवतात. त्याला एअरबॅग कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. हा धातूचा डबा बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली असतो. पिशवी उघडायची की नाही हे तो काही मिलिसेकंदांत ठरवतो, आणि उघडायचं ठरलं तर तुमची पापणी लवायच्या आत पिशवी भरलेली असते. मागून कुणी ठोकलं, गाडी नुसतीच उलटली, किंवा पार्किंगमध्ये भिंतीला टेकली, तर समोरच्या पिशव्या उघडायला नकोतच. उगाच उघडलेली एअरबॅगही इजा करते. तेव्हा 'उघडली नाही म्हणजे बिघडलीच' असं मी म्हणत नाही.

पण हाच डबा बऱ्याच गाड्यांत अपघाताची नोंदही ठेवतो. धडकेआधीच्या काही सेकंदांत वेग किती होता, ब्रेक दाबला होता का, सीटबेल्ट लावला होता का, वेग किती झपाट्याने उतरला, यंत्रणेत आधीपासून काही बिघाड नोंदला होता का. म्हणजे फोर्स लागला की नाही या वादाचं उत्तर तुमच्याच गाडीत, तुम्ही पैसे मोजलेल्या डब्यात पडलेलं असतं. ते वाचायचं सॉफ्टवेअर कंपनीकडे आणि तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे. त्यातली खोच बघा. एअरबॅग उघडली, तर अनेक मॉड्यूलमध्ये ती नोंद कायमची कुलूपबंद होते. उघडली नाही, तर ती तात्पुरती राहते आणि पुढे गाडी वापरात राहिली की तिच्यावर दुसरी नोंद चढू शकते. जिथे पुरावा सगळ्यात जास्त हवा, तिथेच तो सगळ्यात कच्चा.

आता कायदा काय म्हणतो? तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूपच जास्त. दिल्लीच्या एका ग्राहकाने २०१५ साली ह्युंदाई क्रेटा घेतली. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत रस्त्यावर अपघात झाला. एअरबॅग उघडल्या नाहीत. डोक्याला, छातीला, दातांना मार लागला. राज्य आयोगाने तीन लाख रुपये आणि गाडी बदलून द्यायचा आदेश दिला, राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला, आणि कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथेही मुद्दा हाच, फोर्स पुरेसा नव्हता, आणि ग्राहकाने तज्ज्ञाचा पुरावा आणलेला नाही.

२० एप्रिल २०२२ च्या निकालात न्यायालयाने हे मान्य केलं नाही. ग्राहक हा वेग आणि बल यांची गणितं मांडणारा भौतिकशास्त्राचा जाणकार असणं अपेक्षित नाही, असं न्यायालय म्हणालं. एअरबॅग असलेली गाडी घेणारा माणूस समोरून धडक बसली की ती उघडेल असंच धरून चालणार. फोटोंमध्ये दिसणारं गाडीचं नुकसान आणि माणसाच्या जखमा पुरेशा बोलक्या होत्या. वकिलांच्या भाषेत याला 'घटना स्वतःच बोलते' हे तत्त्व म्हणतात. 'वॉरंटी संपली, मुदत संपली' हेही चाललं नाही, कारण एअरबॅगचा दोष रोजच्या वापरात दिसतच नाही, तो अपघाताच्या क्षणीच कळतो. शिवाय अशा प्रकरणांत जरब बसेल अशी दंडात्मक भरपाई असावी आणि ती ठरवताना उत्पादकाची ऐपतही पाहावी, असंही न्यायालयाने नोंदवलं.

हा निकाल १९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्याखालचा. २० जुलै २०२० पासून लागू झालेला २०१९ चा कायदा आणखी पुढे जातो. त्यात सदोष मालामुळे झालेल्या इजेच्या जबाबदारीवर स्वतंत्र प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. माल बनवताना दोष राहिला, रचनेतच दोष होता, स्वतःच्याच मोजमापात माल बसत नाही, दिलेल्या हमीला उतरत नाही, किंवा योग्य सूचना-इशारे दिले नाहीत, यातलं काहीही असलं तरी उत्पादक जबाबदार. आणि हमीच्या बाबतीत तर 'आम्ही निष्काळजी नव्हतो' हे सिद्ध करूनही त्याची सुटका नाही. कलम ३९ आयोगाला दंडात्मक भरपाईचा अधिकार देतं.

एवढं सगळं कागदावर आहे. मग अडतं कुठे?

आधी वेळेचं बघा. एका कंपनीने आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यासाठी मर्सिडीज घेतली होती. जानेवारी २००६ मध्ये नाशिकला ती मालवाहू गाडीला समोरासमोर धडकली. समोरच्या एअरबॅग उघडल्या नाहीत. राष्ट्रीय आयोगाने २०१७ मध्ये एअरबॅग न उघडल्याबद्दल पाच लाख, आणि गाडी विकताना एअरबॅग नेमक्या कधी उघडतात याची पूर्ण माहिती दिली नाही, या अनुचित व्यापारी प्रथेबद्दल आणखी पाच लाख दिले. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं जुलै २०२४ मध्ये. अठरा वर्षं आणि वर काही महिने. अपघाताच्या दिवशी जन्मलेलं मूल एव्हाना मतदार झालं. आणि तक्रारदार कोणी पगारदार माणूस नव्हता, वकिलांची फौज परवडणारी मोठी कंपनी होती. कायद्यात लिहिलंय की तक्रार तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत, निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. हे वाक्य वाचून आयोगाच्या बाकावर बसलेल्या माणसांना हसू येतं, पण त्यात गंमत फारशी नसते.

त्या निकालातला दुसरा पाच लाखांचा भाग मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. ब्रोशर सांगतं 'सहा एअरबॅग्ज'. मॅन्युअलच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरांत असतं की गाडी ट्रकखाली घुसली, खांबाला धडकली, तिरकी आदळली, तर पिशवी कदाचित उघडणार नाही. मॅन्युअल मिळतं ते पैसे भरल्यावर, चावीसोबत, पेढ्यांच्या पुड्याशेजारी. आपल्या महामार्गांवर रात्री टेललाइट नसलेला, रिफ्लेक्टर नसलेला ट्रक कडेला उभा असतो हे कुणाला ठाऊक नाही? इथे गाडी विकणाऱ्याला तर ते ठाऊक असायलाच हवं. तो अपघात तुमच्या यंत्रणेच्या हिशेबात बसत नसेल, तर ते ब्रोशरवर एअरबॅगच्या चित्राशेजारी लिहा. लिहिलं तर गाडी खपणार नाही म्हणून लिहीत नसाल, तर त्याला माहिती दडवणं म्हणतात.

वेळेपेक्षाही जास्त अडतं ते पुराव्यात. माझ्या एका मावसभावाची गोष्ट सांगते. पहाटे तीनच्या सुमाराला सोलापूरहून येताना त्याची गाडी दुभाजकावर समोरून आदळली. बेल्ट लावला होता. खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याचा काळानिळा वळ दवाखान्याच्या कागदांत नोंदला आहे. पिशवी उघडली नाही. जबडा दोन ठिकाणी मोडला, सहा दात गेले. सव्वादोन महिने तो स्ट्रॉने वरणाचं पाणी प्यायचा आणि पाटीवर लिहून बोलायचा. औषधविक्रीची नोकरी; तोंड उघडत नाही तर डॉक्टरांना काय सांगणार? ती गेली. इकडे विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गाडी 'टोटल लॉस' ठरवली. वर्कशॉपने रोजचं पार्किंग भाडं लावलं. घरचे आयसीयूच्या बाहेर. कुणीतरी सह्या घेतल्या, गाडी भंगाराच्या लिलावात गेली, आणि डबाही तिच्याबरोबर गेला. तो बोलायला लागल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "ताई, पिशवी का नाही उघडली?" कंपनीचं पत्र आलं, दोन ओळींचं. फोर्स. आता आमच्याकडे अकरा फोटो, पंचनामा आणि एक्स-रे आहेत. समोरचा वकील दर तारखेला विचारतो, गाडी कुठे आहे? तपासणीसाठी हजर करा.

यात कुणी कट केला असं मला म्हणायचं नाही. कटाची गरजच नाही. विमा कंपनीला फाइल बंद करायची असते, वर्कशॉपला जागा मोकळी करायची असते, भंगारवाल्याला माल हवा असतो, घरच्यांना पैसे हवे असतात. प्रत्येकजण आपापलं काम करतो आणि त्यात पुरावा वितळून जातो. फायदा मात्र दरवेळी एकाच पक्षाचा होतो.

राखून ठेवलेला एक सुटा भाग काय करू शकतो, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. जनरल मोटर्सच्या काही छोट्या गाड्यांत इग्निशन स्विच सैल होता. किल्लीच्या जुडग्याचं वजन किंवा एखादा हिसका पुरायचा. किल्ली घसरायची, इंजिन बंद पडायचं आणि वीजपुरवठा तुटल्यामुळे एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीतल्या लोकांना या स्विचची कुरबूर वर्षानुवर्षं माहीत होती. बाहेर पडली ती जॉर्जियातल्या एका दाव्यातून. २०१० साली एक तरुण नर्स अशा गाडीत मेली. आईवडिलांनी वकील केला, वकिलाने इंजिनिअर गाठला, आणि इंजिनिअरने तिच्या गाडीतला स्विच नव्या स्विचशेजारी ठेवून उघडला. आतला भाग गुपचूप बदललेला होता, पार्टचा नंबर तोच. २०१४ मध्ये कंपनीने सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. पुढे नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचं मान्य केलं, आणि २०१५ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारशी ९० कोटी डॉलरची तडजोड केली. तो स्विच त्या आधी भंगारात गेला असता, तर ते १२४ मृत्यू वेगवेगळ्या लोकांच्या वेगवेगळ्या चुका म्हणून मिटले असते.

अमेरिकेचं सगळं आदर्श आहे असं नाही. आत्ताच सांगितलेली गोष्ट तिथलीच आहे. पण तिथे दोन नियम आहेत जे इथे हवेत. गाडीत अपघाताची नोंद ठेवणारी यंत्रणा असेल, तर ती वाचायचं साधन बाजारात मिळेल अशी व्यवस्था उत्पादकाने करायची. आणि २०१५ च्या कायद्यानुसार ती नोंद गाडीच्या मालकाची. युरोपात तर जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये अशी नोंदयंत्रणा सक्तीची आहे. आपल्याकडे चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२१-२२ मध्ये टप्प्याटप्प्याने. सहा एअरबॅग सक्तीच्या करायच्या की नाही यावर पुष्कळ चर्चा झाली आणि शेवटी सक्ती बारगळली. पिशव्या किती यावर एवढं बोललो. पिशवी उघडली नाही तर जबाब कोण देणार, यावर किती बोललो?

माझी मागणी साधी आहे. गंभीर इजा किंवा मृत्यू झालेल्या अपघातात एअरबॅग उघडली नसेल, तर मोटार वाहन निरीक्षकाने ब्रेक आणि स्टीअरिंग बघतो तसं ते मॉड्यूलही ताब्यात घ्यावं. दोन्ही बाजूंसमोर ते वाचावं, प्रत मालकाला द्यावी. त्याआधी गाडी विकता येऊ नये. आणि कंपनीने ती नोंद दिली नाही, तर ती तिच्या विरोधात होती असंच आयोगाने धरावं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकतं. पण त्यासाठी ठरावीक टक्के मालकांच्या तक्रारी मोजल्या जातात. ज्याला 'फोर्स लागला नाही' सांगून घरी पाठवलं, तो त्या टक्क्यांत येणार कसा?

"पण बेल्ट लावला होता का?" हा प्रश्न मी टाळणार नाही. बेल्ट आधी, पिशवी नंतर. एअरबॅग ही बेल्टला पूरक म्हणूनच बनवलेली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ चारोटीला सायरस मिस्त्री गेले, ती गाडी एअरबॅगच्या बाबतीत कमी नव्हती. मागच्या सीटवर बेल्ट नव्हता. शिवाय पुढे लोखंडी बुलबार लावलात, सीटमध्ये एअरबॅग असताना वरून जाड कव्हर चढवलंत, स्टीअरिंग बदललंत, तर कलम ८७ मधली पळवाट तुम्हीच कंपनीला उघडून दिलीत. बुलबारवर तर केंद्राने २०१७ मध्येच बंदीची सूचना काढली आहे. तो दिसायला रुबाबदार असेल, पण आयोगात तो समोरच्या पक्षाचा साक्षीदार असतो.

आता तक्रारीचं. अपघातापासून दोन वर्षांत करायची. कुठे, ते तुम्ही गाडीला दिलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, म्हणजे बहुतेकांचं तिथेच भागतं. कारखाना चेन्नईत असो की गुजरातेत, तुम्ही साताऱ्यात राहत असाल तर तक्रार साताऱ्यात होते. नऊ लाखांच्या गाडीसाठी फी दोनशे रुपये. मल्टिप्लेक्समधला पॉपकॉर्न याहून महाग. ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही (हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगते आहे). उत्पादक आणि डीलर दोघांनाही पक्षकार करा. मालकाच्या संमतीने गाडी वापरणाराही ग्राहकच असतो, आणि माणूस गेला असेल तर त्याचे वारस येऊ शकतात. स्वतःच्या पोटापाण्यासाठी एक टॅक्सी चालवणाऱ्याला 'तुझा धंदा आहे' म्हणून बाहेर काढता येत नाही. समोरच्या वाहनाची चूक असेल तर मोटार अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण वेगळं आहे, त्याची मुदत सुधारित कायद्यात सहा महिने. तिथे भांडण त्या वाहनाच्या मालकाशी आणि विमा कंपनीशी. एअरबॅगचा हिशेब तिथे होत नाही, म्हणून एक दावा केला म्हणून दुसरा सोडू नका.

पोलीस पंचनाम्यात 'एअरबॅग उघडलेल्या नाहीत' आणि 'चालकाने बेल्ट लावलेला होता' ही दोन वाक्यं लिहून घ्या. डॅशबोर्ड, स्टीअरिंग, ताणलेला बेल्ट, गाडीच्या चारही बाजू यांचे फोटो काढा. बेल्टचा वळ डॉक्टरांना दाखवून केसपेपरवर लिहून घ्या. गाडी पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. भंगाराच्या, दुरुस्तीच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी खालचा मजकूर कंपनी, डीलर आणि विमा कंपनी या तिघांना एकाच ईमेलने पाठवा. अपघात तुमचाच असेल तर तुम्हाला हे करता येणार नाही, म्हणून तो घरातल्या एखाद्याच्या फोनमध्येही असू द्या.

"विषय: गाडी क्रमांक ____, दिनांक ____ चा अपघात, एअरबॅग न उघडल्याबाबत. वरील अपघातात समोरून धडक बसूनही एअरबॅग उघडल्या नाहीत आणि ____ यांना गंभीर इजा झाली. गाडी सध्या ____ येथे आहे. आमच्या लेखी संमतीशिवाय आणि आमच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीशिवाय गाडीची दुरुस्ती, विक्री किंवा हलवाहलव करू नये. एअरबॅग कंट्रोल मॉड्यूल, सेन्सर आणि सीटबेल्ट काढू किंवा बदलू नयेत, त्यांतील नोंदी पुसू नयेत. मॉड्यूलमधील नोंद आमच्यासमोर वाचून तिची संपूर्ण प्रत सात दिवसांत द्यावी. आम्ही ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार आहोत. हा पुरावा नष्ट झाल्यास त्याची जबाबदारी आपली राहील. या ईमेलची पोच द्यावी."